सात माणसं, सामान आणि साठ टनी काटा

घरची गाडी माणसांनी आणि सामानानं भरल्यावर तिचं वजन नक्की किती होतं हे मोजायला सहसा कोणी जात नाही. ट्रकवाले काटा करतात, ऊसवाले करतात, भंगारवाले, खडीवाले करतात, कारण त्यांचे पैसेच वजनावर ठरतात. पण सात सीटर गाडीत घरातली सगळी माणसं, वर कॅरिअरवर बॅगा, मागं डिकी गच्च आणि पुढं घाट, अशी गाडी काट्यावर उभी केलेली मी तरी कधी बघितली नव्हती. यंदा गणपतीला गावी जायच्या आधी आम्ही ते केलं, आणि ज्याच्याकडं सात सीटर आहे आणि जो वर्षातनं एकदोनदा ती फुल भरून घाट उतरतो त्यानं हे जरूर करावं असं मला मनापासून वाटतंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आम्ही राहतो कराडला, गाव चिपळूणच्या पुढं. म्हणजे रस्ता ठरलेला, पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट उतरून खाली. मागच्या वर्षी गणपतीला जाताना गाडी मागनं पार बसली होती, पाटणच्या पुढं दरेक स्पीडब्रेकरला खालनं घासल्याचा आवाज, रात्री समोरचे सारखे डिपर मारत होते आपली लाईट लो ला असून, आणि घाटात उतरताना स्टिअरिंग हलकं हलकं लागत होतं, म्हणजे हातात असायला पाहिजे तसा भार नाही. आल्यावर मेकॅनिकला दाखवली तर त्यानं शॉकअप बघितले, स्प्रिंगा बघितल्या, म्हणाला सगळं ओके आहे दादा, लोड जास्त होतोय. आता जास्त म्हणजे किती? भाऊ म्हणाला पन्नास किलो असेल, बायको म्हणाली सात सीटर आहे म्हणजे सात माणसं बसणारच की त्यात जास्त काय, आणि खरं सांगायचं तर अंदाजापलीकडं कोणाकडंच काही नव्हतं.

मग मॅन्युअल काढलं. शेवटच्या पानांवर स्पेसिफिकेशनमध्ये दोन आकडे असतात, कर्ब वेट आणि ग्रॉस व्हेइकल वेट. आमच्या गाडीचं कर्ब वेट ११९० किलो आणि ग्रॉस १७८५. कर्ब म्हणजे कंपनीतनं येते तशी रिकामी गाडी, पेट्रोल-ऑइल-कूलंट धरून पण माणूस नाही. ग्रॉस म्हणजे गाडी, पेट्रोल, माणसं, सामान, कॅरिअर, सगळं मिळून जास्तीत जास्त एवढंच. मधला फरक ५९५ किलो. ऐकायला खूप वाटतं. पण सात माणसं सरासरी ७० किलोची धरली की ४९० तिथंच गेले, राहिले १०५, आणि त्यात सगळ्यांच्या बॅगा, मखर, किराणा, पाण्याचे कॅन, कॅरिअर स्वतः, सीट कव्हर, जे काही आपण नंतर बसवलंय ते सगळं. गाडी सात सीटर आहे म्हणजे सात माणसं बसतात हे खरं, पण सात माणसं आणि वर सगळ्यांचं भरपूर सामान असं कंपनी कुठंच म्हणत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ओव्हरलोडचा कायदा ट्रकपुरताच आहे असा समज आहे, पण मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ११३ मध्ये नोंदणी प्रमाणपत्रावरच्या ग्रॉस वजनापेक्षा जास्त वजन घेऊन कुठलंच मोटर वाहन चालवायचं नाही असं लिहिलंय. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली त्याचा दंड २० हजार रुपये, वर जादा टनाला २ हजार. रस्त्यात फॅमिलीची गाडी थांबवून कोणी काट्यावर नेत नाही हे मलाही माहितीय, मला काळजी दंडाची नव्हती, घाटातल्या ब्रेकची आणि टायरची होती.

हे सगळं शक्य झालं ते अण्णांमुळं, म्हणजे माझे वडील. ते साखर कारखान्यात केन यार्डला होते, बरीच वर्षं काट्यावरच काढली. त्यांनी जुना दांड्याचा काटा पण वापरलाय, ज्याच्यात खाली खड्ड्यात लोखंडी तरफा असायच्या आणि केबिनमध्ये दांड्यावर वजन सरकवत सरकवत दांडी सरळ करायची, आणि नंतर आलेला इलेक्ट्रॉनिक काटा पण. आता सगळीकडं लोडसेलवालेच आहेत, प्लॅटफॉर्मच्या खाली चार, सहा, आठ असे स्टीलचे ठोकळे, त्यांच्यावर बारीक गेज चिकटवलेले असतात, भार आला की ठोकळा केसाएवढाही नाही असा दबतो आणि तेवढ्यानं गेजचा विद्युत रोध बदलतो, त्याच्यावरनं इंडिकेटर आकडा काढतो. अण्णांना मी म्हणलं आपली गाडी काट्यावर घेऊया का, तर त्यांनी एक प्रश्न पण विचारला नाही, लगेच म्हणाले, "घेऊ की. पण नुसती सगळी गाडी एकदम घेऊन उपयोग नाही, पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे पुढच्या चाकांची जोडी, वेगळा आणि मागचा वेगळा घ्यायचा. आणि काटा कुठला ते मी सांगतो."

काटा कुठला याला एवढं महत्त्व आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्या बाजूला चिपळूण रोडला आणि हायवेला धरून खाजगी वजनकाटे बरेच आहेत. त्यातले काही जमिनीच्या वर बसवलेले असतात, दोन्ही बाजूला रॅम्प, चढून जायचं आणि उतरायचं. आणि काही खड्ड्यातले, म्हणजे प्लॅटफॉर्म रस्त्याच्या बरोबर लेव्हलला. पूर्ण गाडीचं वजन करायचं असेल तर कुठलाही चालतो. पण एकेका अ‍ॅक्सलचं करायचं तर पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर आणि मागची बाहेर अशी गाडी उभी राहते, तेव्हा बाहेरचा रस्ता आणि प्लॅटफॉर्म एका लेव्हलला नसेल तर गाडी तिरकी होते आणि वजन एका अ‍ॅक्सलवरनं दुसऱ्याकडं सरकतं, आकडा चुकीचा येतो. म्हणून अण्णांनी खड्ड्यातला काटा निवडला आणि दोन्ही बाजूचं काँक्रीट सपाट आहे का ते आधी उतरून बघून घेतलं.

पहिल्यांदा गेलो ते रिकामी गाडी घेऊन, मी, अण्णा आणि माझी पोरगी. ऊसाचा सीझन नव्हता म्हणून काटा मोकळाच, सीझनमध्ये रात्रंदिवस ट्रॉल्यांची लाईन असते तिथं, तेव्हा आमच्यासारख्याला कोणी उभं पण केलं नसतं. एक क्रश सँडचा डंपर काटा करून निघत होता तेवढाच. केबिनमधला मुलगा तिशीतला असेल, त्यानं खिडकीतनं बघितलं आणि म्हणाला, "दादा, गाडी वळवायची असंल तर पलीकडनं वळवा." मी म्हणलं वळवायची नाही, काटा करायचाय. "ह्या गाडीचा? विकताय व्हय?" त्याला वाटलं भंगारात द्यायचीय. अण्णांनी त्याला समजावून सांगितलं, गावी जातोय, लोड बघायचाय, दोन्ही अ‍ॅक्सल वेगळे पाहिजेत, आणि बोलता बोलता आपण कारखान्याच्या काट्यावर होतो हे सांगितल्यावर त्यानं लगेच "या काका, आत बसा" म्हणून खुर्चीच दिली. छोट्या गाडीचे ५० रुपये घेतो म्हणाला, आणि पुढचा-मागचा अ‍ॅक्सल बघायचे वेगळे पैसे नाहीत, पावती पूर्ण गाडीची निघेल आणि अ‍ॅक्सलचे आकडे त्याच्यावर पेनानं लिहून देतो.

अण्णा आत गेल्या गेल्या दोन गोष्टी बघत होते. एक म्हणजे भिंतीवर वैधमापन खात्याचं पडताळणी प्रमाणपत्र, त्याच्यावरची तारीख, कारण काटा दर वर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. आणि दुसरं इंडिकेटरच्या खालची पट्टी. त्या पट्टीवर लिहिलं होतं, कमाल ६० टन, किमान २०० किलो, ई बरोबर १० किलो. हे तिन्ही आकडे समजून घेण्यासारखे आहेत. ई म्हणजे काट्याचं एक घर, हा काटा दहा-दहाच्या टप्प्यानंच आकडा दाखवणार, मधलं काही नाही. किमान २०० म्हणजे त्याच्या खालचं वजन ह्या काट्यावर धरायचंच नाही, आणि हे पोरीमुळं प्रत्यक्षच दिसलं, ती प्लॅटफॉर्मवर जाऊन एकटी उभी राहिली तर आकडा ३० आणि ४० मध्ये नाचत राहिला, घरच्या काट्यावर ती ३५ भरते. ट्रकसाठी बनवलेल्या काट्यावर गाडीचं वजन नीट येईल का ही माझी शंका होती, त्यालाही अण्णांकडं उत्तर होतं. अशा काट्याला पहिल्या ५०० घरांपर्यंत, म्हणजे इथं ५ टनांपर्यंत, पडताळणीच्या वेळी अर्ध्या घराचा फरक चालतो आणि वापरात असताना त्याच्या दुप्पट, म्हणजे ५ किलो आणि १० किलो. दीड-पावणेदोन टनाच्या गाडीला दहा किलो इकडंतिकडं, आपल्या कामाला तेवढं पुष्कळ झालं.

"गाडी चढवायच्या आधी शून्य बघ." हे अण्णांचं वाक्य मी लहानपणापासनं ऐकत आलोय. ऊस घालणारा प्रत्येक शेतकरी हेच करतो, आमच्या भागात काटामारीची चर्चा दर सीझनला होते आणि कितीतरी जण बाहेरच्या खाजगी काट्यावर ट्रॉली तोलून मगच कारखान्यात नेतात. डंपर उतरल्यावर प्लॅटफॉर्मवर ओली सँड सांडली होती, इंडिकेटर २० दाखवत होता. मुलानं झाडू मारून घेतला, शून्य केलं, मग मी गाडी घेतली.

पद्धत अशी. एकदम हळू यायचं, पुढची दोन चाकं प्लॅटफॉर्मवर नीट आत आली की थांबायचं, मागची अजून रस्त्यावर. गियर न्यूट्रल, इंजिन बंद, आणि जागा सपाट असेल तर हँडब्रेक पण सोडायचा, कारण ब्रेक आवळलेला असला की गाडी चाकांमध्ये ताणून उभी राहते आणि आकडा थोडा फसवतो. मग उतरून बाजूला व्हायचं. प्लॅटफॉर्म किंचित डुलत असतो, तो थांबेपर्यंत आकडा वरखाली होतो, स्थिर झाला की नोंद. पुढचा अ‍ॅक्सल ६९०. मग सगळी गाडी वर घेतली, मधोमध, १२३०. मग पुढची चाकं पलीकडं उतरवून फक्त मागचा, ५५०. आता ६९० आणि ५५० होतात १२४० आणि पूर्ण गाडी १२३०, तर हा फरक काट्याच्या दहाच्या टप्प्याचा, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. पण बेरीज तीस-चाळीसनं हुकली तर मात्र गाडी तिरकी उभी होती किंवा चाक कडेवर होतं असं समजायचं आणि परत घ्यायचं.

म्हणजे रिकामी गाडीच कंपनीच्या आकड्यापेक्षा ४० किलो जास्त. विचार केला तर पटलं, कॅरिअर, जाड मॅट, सीट कव्हर, टूल बॅग, टोइंगचा दोर, कायम पडून असलेला पाण्याचा कॅन. प्रत्येक वस्तू किरकोळ, पण त्या ५९५ मधले ४० आपण निघायच्या आधीच खाऊन बसलोय.

खरा काटा झाला निघायच्या आदल्या संध्याकाळी. मी घरी सांगितलं की उद्या जसं जायचंय तसंच सगळं सामान आत्ता भरायचं, सगळ्यांनी आपापल्या जागेवर बसायचं आणि काट्यावर जाऊन यायचं. आई म्हणाली, "अरे गणपतीला निघायचं सोडून काट्यावर काय, आम्ही काय ऊसाच्या मोळ्या आहे का?" पण अण्णा आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसले होते त्यामुळं पुढं काही झालं नाही. पुढं मी आणि अण्णा, मधे आई, बायको आणि वहिनी, सगळ्यात मागं भाऊ आणि पोरगी. कॅरिअरवर चार बॅगा, मखर आणि समया-पातेल्यांचं गाठोडं. डिकीत गावच्या घरासाठी नवीन इन्व्हर्टरची बॅटरी, कारण पावसात तिकडं लाईटचा भरवसा नाही, पंचवीस किलोची कांद्याची गोणी, गुळाची ढेप, गव्हाचं पीठ, पाणी.

ह्या वेळी कोणी उतरायचं नाही, माणसांसकटच वजन पाहिजे. बाहेर मोठ्या लाल आकड्यांचा डिस्प्ले असतो तो ड्रायव्हर सीटवरनं दिसतो. पुढचा अ‍ॅक्सल, ७९०. मी मनात म्हणलं ठीक आहे की, शंभरच वाढले. पूर्ण गाडी, १८५०. गाडीत एकदम शांतता, कारण १७८५ हा आकडा तोपर्यंत घरात सगळ्यांना पाठ झाला होता. आणि मग फक्त मागचा, १०६०.

मला धक्का बसला तो ६५ किलो जादा झाल्याचा नाही, १०६० चा. एकूण आम्ही ६२० किलो भरलं होतं आणि त्यातले शंभर पुढच्या चाकांवर गेले, बाकीचे पाचशेच्या वर सगळे मागच्या दोन चाकांवर. मागचा अ‍ॅक्सल रिकाम्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. गाडी मागनं का बसते, लाईट वर का जाते आणि स्टिअरिंग हलकं का लागतं, सगळ्याचं उत्तर त्या एका आकड्यात होतं.

टायरचं गणित तिथंच उभं राहून केलं. आमच्या टायरवर लिहिलंय १८५/६५ आर १५ ८८ एच, त्यातला ८८ हा लोड इंडेक्स, ८८ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ५६० किलो. दोन टायर मिळून ११२०. आमचा भार १०६०, म्हणजे मर्यादेच्या आत, पण फक्त साठ किलो शिल्लक, आणि ही ५६० ची मर्यादा टायरमध्ये पूर्ण हवा असेल तेव्हाची, हवा कमी तर ताकदही कमी. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्यावर नेहमीची हवा आणि फुल लोडची हवा वेगवेगळी लिहिलेली असते, फुल लोडला मागं जास्त. किती जण गावी जाताना ती भरून घेतात? पंपावर विचारतात किती भरू, आपण म्हणतो नेहमीची भर, आणि तशाच टायरवर घाट उतरतो. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक अ‍ॅक्सलची मर्यादा वेगळी दिलेली असते, आमच्यात नाही, तुमच्यात असली तर ती आधी बघा, कारण ती एकूण वजनाच्या आत राहूनसुद्धा ओलांडली जाऊ शकते.

अण्णा उतरले आणि त्यांनी मागचा दरवाजा उघडून मला दाखवलं, डिकी कुठं आहे आणि चाक कुठं आहे ते बघ. डिकी पूर्ण मागच्या चाकाच्या मागं लटकलेली आहे. पहारीनं दगड उचकटतो तसं होतं, मागचं चाक टेकू, त्याच्या मागं ठेवलेलं वजन मागच्या चाकावर तर पूर्ण येतंच पण वर पुढची बाजू उचलायला बघतं. म्हणजे डिकीतली साठ किलोची बॅटरी मागच्या चाकांना साठपेक्षा जास्त पडते आणि पुढच्या चाकांवरनं उलट काढून घेते.

बॅटरी आणि कांद्याची गोणी काढायची हे लगेच ठरलं. काट्यावरच्या मुलालाच विचारलं, तर म्हणाला दोन दिवसांनी भाजीचा पिकअप चिपळूणला जाणारंय, ओळखीचा आहे, त्यात टाकून देतो, ठेवा इथं केबिनमध्ये. बॅटरी तशीही माणसांच्या पाठीमागं अ‍ॅसिडसकट घाटात न्यायची माझी इच्छा नव्हतीच. मग गुळाची ढेप आणि पीठ मधल्या सीटच्या पायाशी, कॅरिअरवरचं समया-पातेल्यांचं गाठोडं पण खाली मधेच, कारण वरचं वजन गाडीला वळणावर झुकवतं आणि मॅन्युअलमध्ये छतावरच्या वजनाला वेगळी मर्यादा असते ती पण बघायला पाहिजे. आणि भाऊ ८२ किलोचा सगळ्यात मागं बसला होता, तो मधे आला आणि वहिनी मागं पोरीबरोबर गेली. वहिनी म्हणाली मला मागं काही त्रास नाही, उलट मोकळं बसता येतं.

परत काटा. पूर्ण गाडी १७७०, मर्यादेच्या आत पंधरा किलोनं. मागचा अ‍ॅक्सल ९३०. पुढचा ८४०.

हे आकडे मी नंतर कितीतरी वेळा बघितले. गाडीतनं काढलं ऐंशी किलो, मागच्या चाकांवरचं कमी झालं १३०, आणि पुढच्या चाकांवरचं चक्क ५० नं वाढलं. सामान कमी करूनसुद्धा पुढचा भार वाढला, जो घाटात वळायला आणि ब्रेक लागायला पाहिजे असतो. हे घरच्या वजनकाट्यावर एकेक बॅग तोलून बेरीज केली असती तरी कधी कळलं नसतं, बेरीज एकूण सांगते, कुठल्या चाकावर किती ते सांगत नाही. त्याच्यासाठी गाडी काट्यावरच न्यायला लागते.

मुलानं पावती काढून दिली. गाडी नंबर, तारीख, वेळ, ग्रॉस १७७०, टेअरच्या, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाच्या जागी आधीच्या वेळचे १२३०, नेट ५४०, आणि मटेरिअलच्या रकान्यात त्यानं स्वतःच टाइप केलं होतं, फॅमिली. आईला ते फार आवडलं, तिनं पावती घडी घालून पर्समध्येच ठेवली. पेनानं बाजूला दोन्ही अ‍ॅक्सल लिहिलेत. परत केलेल्या ह्या काट्याचे पैसे तो घेत नव्हता, अण्णांनी जबरदस्तीनं दिले.

सकाळी निघताना स्टिकरप्रमाणं मागच्या टायरला फुल लोडची हवा भरली, ती टायर गार असतानाच भरायची, पंप घराजवळ होता म्हणून जमलं. हेडलाईटची एक चकती असते स्टिअरिंगच्या बाजूला, शून्य ते तीन-चार आकड्यांची, ती गाडी मागनं लोड असताना फिरवून लाईटचा झोत खाली घ्यायला दिलेली आहे, बऱ्याच जणांनी कधी हात पण लावलेला नसतो. ती एकच्या पुढं घेतली. पहाटे अंधारात पाटणपर्यंत एकानं पण डिपर मारला नाही. स्पीडब्रेकरला एका ठिकाणी टेकली, तोही एवढा उंच होता की रिकामी गाडी पण टेकली असती. कुंभार्ली घाटात धुकं आणि पाऊस दोन्ही होतं, दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये सावकाश उतरलो, आणि स्टिअरिंगमध्ये जो फरक होता तो मला पहिल्या दोन वळणातच हाताला कळला. भाऊ नेहमी गाडी चालवणारा, त्यानं खाली पोफळीला गाडी हातात घेतली आणि त्यालाही न सांगता कळलं.

गावाला बॅटरी आणि कांदे दोन दिवसांनी पिकअपनं आले, भाडं फार नव्हतं, आणि ड्रायव्हरनं चिपळूणच्या स्टँडजवळ उतरवून दिले.

परतताना खरी परीक्षा असते कारण कोकणातनं रिकाम्या हातानं कोणी सोडत नाही. काकांनी नारळाच्या दोन गोण्या, तांदूळ, पोहे, कोकम, सगळं ओटीवर काढून ठेवलं होतं. मी बॅगा तोलायचा हुकाचा छोटा डिजिटल काटा बरोबरच नेला होता, एकेक पिशवी त्याला लटकवून वहीत लिहीत गेलो. पीठ आणि गूळ तिकडं संपला, मखर तिकडंच राहिलं, तेवढी जागा मोकळी झाली होती, त्याच्यात एक गोणी नारळ आणि तांदूळ बसत होते, दुसरी गोणी नाही. काका म्हणाले घेऊन जा रे, एका गोणीनं काय होतंय, तर अण्णांनीच त्यांना बॅटरीची आणि डिकीची सगळी गोष्ट सांगितली, पहारीसकट. नारळाची गोणी पण डिकीत न टाकता मधल्या सीटच्या पायाशी आडवी ठेवली, आईला पाय ठेवायला जरा अडचण झाली पण तिनं चालवून घेतलं.

कराडात शिरायच्या आधी त्याच काट्यावर परत घेतली. १७६०, मागं ९४०. काटेवाल्या मुलाला चार नारळ दिले. दुसरी गोणी काकांकडंच आहे, तो पिकअपवाला दिवाळीच्या आधी परत चिपळूणला जाणार आहे, येताना घेऊन येतो म्हणालाय.